पोरं आपली, हुकूम कुणाचा?

जर्मनी म्हटलं की आपल्याला यंत्रं आठवतात. पण १९०१ साली बर्लिनजवळच्या स्टेग्लिट्झमध्ये शाळकरी पोरांची 'वांडरफोगेल' नावाची संघटना निघाली होती. पाठीवर पिशवी, हातात गिटार आणि रानावनात भटकंती. थोरामोठ्यांचा जाच नको, एवढंच मागणं. १९३३ नंतर हिटलरच्या राजवटीने अशा संघटना मोडीत काढल्या. त्यांची गाणी, शेकोट्या, पदयात्रा मात्र 'हिटलर युवक' संघटनेने उचलल्या. १९३९ मध्ये सभासदत्व सक्तीचंच झालं. उत्साह पोरांचाच राहिला, हुकूम दुसऱ्याचा झाला.

हे झालं लांबचं. मी गेवराई तालुक्यातल्या उमापूरचा, म्हणून आपल्या मराठवाड्याचं सांगतो. १९७४ साली इथले विद्यार्थी विकासासाठी रस्त्यावर उतरले. नोकऱ्या द्या, ब्रॉडगेज रेल्वे द्या, अशा सगळ्यांच्या पोटापाण्याच्या मागण्या होत्या. वसमतला पोलिसांच्या गोळीबारात बळी गेले.

चारच वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. बाबासाहेबांनी १९५० मध्येच तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढून इथल्या पोरांची सोय केली होती. तरीही 'मराठवाड्याची अस्मिता' म्हणत विद्यार्थ्यांचे विरोधी मोर्चे निघाले, पुढाऱ्यांनी मागून बळ दिलं आणि आग खेड्यांतल्या दलित वस्त्यांपर्यंत पोचली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा खून झाला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. आणि रेल्वे? बीड शहरातून प्रवासी गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ ला!

मराठवाडा म्हणजे हिटलरची जर्मनी नव्हे, हे उघड आहे. पण पोरांची ताकद दुसरीकडे वळवायची रीत ओळखीची वाटते. आपण इंजिनिअरिंगवाले, मोजमापाची माणसं. १९७४ ची मागणी मोजता येत होती: किती नोकऱ्या, किती किलोमीटर रूळ. 'अस्मिता' कशात मोजणार? जे मोजता येत नाही ते पूर्ण झालं असं कधी म्हणताच येत नाही, आणि पोरं रस्त्यावरच राहतात. पुढाऱ्याला तेच हवं असतं.

तेव्हा उद्या होस्टेलच्या गेटवर कुणी मोर्चासाठी जीप घेऊन आलं, तर आधी दोनच प्रश्न विचारा. मागणी नेमकी काय? ती पूर्ण झाली हे कशावरून ओळखायचं? धड उत्तर मिळालं तर खुशाल जीपमध्ये बसा. माझीही एक जागा धरून ठेवा.