बर्फ वितळल्यावर ब्लोअर ठेवायचा कुठे?

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, ऑन्टॅरिओ सरोवराच्या पूर्वेला टग हिलचं पठार आहे. हिवाळ्यात गार वारा सरोवरावरची वाफ उचलून आणतो आणि पठार चढताना ती बर्फ होऊन कोसळते. माथ्यावर एका हिवाळ्यात पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. आम्ही पायथ्याला राहतो आणि घर रस्त्यापासून बरंच आत आहे. ट्रॅक्टरमागे जोडलेला स्नोब्लोअर नसेल तर घरातून बाहेर निघणं अवघड.

मे महिन्यात मात्र गवत झपाट्यानं वाढतं आणि तोच ट्रॅक्टर मोवरला लागतो. मग सहा फुटी, पावणेतीनशे-तीनशे किलोंचा ब्लोअर पुढचे पाच-सहा महिने कुठेतरी ठेवावा लागतो. सांगलीकडच्या शेतात वाढल्यामुळे रोटाव्हेटर सोडणं-जोडणं माझ्या हाताला माहीत होतं, आणि थ्री पॉइंट लिंकेज इथेही तेच. फरक जागेचा. तिकडे अवजार बांधाकडेला उभं राहतं, इकडे ते गाड्यांच्या शेजारी गॅरेजमध्ये बसवायचं असतं. त्या अनुभवातून जे हाती लागलं ते असं.

१. ठेवतानाच जोडण्याचा विचार करा. पहिला बर्फ कधीकधी ऑक्टोबरअखेरीसच येतो आणि त्या सकाळी वाटेतलं सामान हलवायला सवड नसते. म्हणून ब्लोअरची जोडणीची बाजू दाराकडे हवी आणि ट्रॅक्टर सरळ रिव्हर्समध्ये तिथपर्यंत यायला हवा. हे जमत असेल तर ब्लोअर हलवूच नका. ट्रॅक्टरनं जिथे उतरवला तिथेच, जाड लाकडी ठोकळ्यांवर राहू द्या. सगळ्यात चांगली व्यवस्था हीच.

२. हलवायचाच असेल तर खाली चाकं द्या. चौकोनी जाड लाकडांची चौकट, वर प्लायवूड, कोपऱ्यांत चार फिरती चाकं, एवढ्यात काम होतं. पण चाकं निवडताना हिशेब नीट करावा. तीनशे किलो भागिले चार म्हणजे पंचाहत्तर, हा हिशेब धोक्याचा. जमीन कधीच पूर्ण सपाट नसते, त्यामुळे भार क्षणभर दोन-तीन चाकांवरच येतो. प्रत्येक चाक निम्मं वजन पेलणारं घ्या, म्हणजे दीडशे किलोंचं. चाक मोठं हवं, निदान पाच इंची. छोटं चाक काँक्रीटच्या सांध्यात अडकतं आणि वरचं धूड पुढे झुकतं. मऊ रबर नको, कारण महिनोन्‌महिने भाराखाली ते एका बाजूनं चपटं होतं. कडक पॉलियुरेथेनची चाकं सहज फिरायला लागतात.

चौकटीवर चढवताना टॉप लिंक, म्हणजे जोडणीचा वरचा दांडा, आखूड करा. त्यानं ब्लोअरचं तोंड वर उचललं जातं आणि चौकट सरकवायला जागा होते. ढकलताना हात खालच्या लोखंडी सांगाड्यावर हवेत. बर्फ बाहेर फेकणारी उंच च्यूट धरायला सोयीची वाटते, पण तिथून रेटा दिला तर ब्लोअर कलंडू शकतो. गॅरेजच्या जमिनीला पाणी जायला दाराकडे उतार असतो, तेव्हा उताराच्या बाजूला कोणीही उभं राहू नये. निदान दोन चाकांना ब्रेक आणि जवळ लाकडी पाचर असावी.

३. माती किंवा खडी असेल तर चाकांचा नाद सोडा. जाड प्लायवूड अंथरून लोखंडी पाइपांवर थोडंफार सरकवता येतं, पण लांब न्यायचं तर ट्रॅक्टरच लावावा.

४. पुढच्या लोडरला साखळी बांधून उचलणार असाल तर ट्रॅक्टरच्या मागे वजन हवंच. नाहीतर मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक मुख्यतः तिथेच असतात. ओझं जमिनीलगत ठेवून हळू चला. आणि हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो: हायड्रोलिकवर टांगलेल्या लोखंडाखाली हात, पाय, डोकं काही घालू नका. हायड्रोलिक आपोआप खाली येऊ शकतं. आधी ठोकळे लावा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला.

५. धुऊन, वाळवून, ग्रीस मारूनच ठेवा. रस्त्यावरचं मीठ बर्फाबरोबर आत येतं आणि उन्हाळाभर पत्रा खात राहतं. बेअरिंगमधून जुनं, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. गिअरबॉक्सचं तेल दुधट दिसलं तर पाणी शिरलंय असं समजा आणि ते आत्ताच बदला, शरदाची वाट पाहू नका. वरून प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळणं मला अजिबात पटत नाही. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला जसं पाणी सुटतं, तसं मे महिन्याच्या दमट हवेत हिवाळ्यातल्या गार लोखंडाला सुटतं. ताडपत्रीखाली ते सुकत नाही.

६. पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, काढून वेगळा टांगा. दोन्ही भाग सुटे करून पुसा, ग्रीस लावा. मोवरचा शाफ्ट आणि ब्लोअरचा शाफ्ट दिसायला सारखे, पण लांबीला वेगळे असू शकतात. लांब शाफ्ट चुकीच्या ठिकाणी लागला तर अवजार उचलताना तो आत टेकतो आणि गिअरबॉक्स फुटू शकतो. म्हणून रंगानं खूण करा. परत जोडताना आतले दोन्ही योक एकाच प्रतलात आले पाहिजेत, नाहीतर थरथर सुरू होते.

७. च्यूटच्या तोंडावर बारीक जाळी बांधा, उंदीर आत घरटं करतात.

८. शिअर बोल्ट उन्हाळ्यातच आणून डब्यात भरून ब्लोअरलाच बांधून ठेवा. दगड अडकला की तो बोल्ट तुटावा, म्हणूनच तो मऊ असतो. त्याजागी कडक बोल्ट लावला तर गिअर तुटतात.

९. ऑक्टोबरात एखाद्या कोरड्या दुपारी ब्लोअर जोडून चालवून बघा. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांपर्यंत हळूहळू न्या. साखळीचा आवाज ऐका, च्यूट दोन्हीकडे फिरवा, जाळी काढलीय ना ते आधीच तपासा. काही बिघाड निघाला तर दुकानात सुटा भाग मिळायला अजून वेळ असतो. पहिल्या वादळानंतर तिथे रांग लागलेली असते.