गिटारींचा संग्रह कसा वाढवावा?

प्रश्न : माझ्याकडे स्टीलच्या तारांची एक अकूस्टिक गिटार आहे. आता वेगवेगळ्या गिटारींचा छोटा संग्रह करायचा आहे. पुढे काय घ्यावं? आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्या टिकतील का?
– एक वाचक, नायगाव (जि. नांदेड)

उत्तर : प्रत्येक नव्या गिटारीने नवा आवाज घरात आणावा, हीच कसोटी ठेवा. दुसरी गिटार नायलॉनच्या तारांची क्लासिकल घ्या. तिला स्टीलच्या तारा कधीही लावू नका. त्यांच्या ताणाने ब्रिज उखडू शकतो. तिसरी इलेक्ट्रिक. चौथी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवून ती हिंदुस्थानी संगीतात रुजवली. त्यांचं वादन जरूर ऐका.

कोरड्या हवेत लाकूड आकसून तडे जातात. गिटार केसमध्ये ठेवा, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखा. त्यासाठी छिद्रांच्या डबीत पिळलेला ओला स्पंज पुरतो. पत्र्याखालची खोली आणि कूलरचा झोत टाळा. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेल ठेवा.

प्रत्येक वाद्याची खरेदी आणि दुरुस्ती वहीत नोंदवा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली वाद्यं पाहून या. एका माणसाच्या ध्यासातून उभा राहिलेला तो संग्रह १९७५ मध्ये राज्य सरकारकडे सुपूर्द झाला.