हुकलेले जेतेपद आपण का विसरतो?

२०१० च्या आयपीएल स्पर्धेत मुंबई इंडियन्सने साखळीतील १४ पैकी १० सामने जिंकून पहिले स्थान मिळवले. सचिन तेंडुलकरने ६१८ धावा केल्या. २५ एप्रिलला नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर अंतिम सामना झाला आणि चेन्नईने तो २२ धावांनी जिंकला. हा मोसम आज सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. असे का व्हावे?

विस्मरणाला केवळ काळ कारणीभूत नसतो. एकसारख्या आठवणी एकमेकींच्या आड येतात. यालाच ‘व्यत्यय’ म्हणतात. २०१३ ते २०२० या काळात मुंबईने पाच विजेतेपदे मिळवली. उजळणी त्यांचीच होते. मग २०१० मागे पडते.

याउलट १९९१ चा रणजी अंतिम सामना घ्या. वानखेडेवर ३५५ धावांचा पाठलाग करताना मुंबई हरियाणाकडून अवघ्या २ धावांनी हरली. मुंबईने हा करंडक चाळीसहून अधिक वेळा जिंकला आहे; तरी जुने रसिक तो पराभव विसरत नाहीत. त्या ‘२ धावा’ हीच त्याची खूण! सारख्या गोष्टींतील वेगळी गोष्ट अधिक लक्षात राहते, हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ साली प्रयोगांनी दाखवले.

करून पाहा : नऊ फळांची नावे व मध्येच एक संख्या मित्राला वाचून दाखवा. दहा मिनिटांनी आठवेल ते लिहायला सांगा. संख्या बहुधा सुटणार नाही. सारखी दिसणारी सूत्रे पाठ करताना प्रत्येकाला अशीच वेगळी खूण द्या.