पंखा अडतो कुठे?

बंद सभागृहात रबराचे हलके विमान उडवताना पंखा अडखळतो, उपाय काय, असे बदनापूरच्या एका वाचकाने विचारले आहे.

दोष बहुधा रबराच्या ओढीत असतो. पीळ दिलेले रबर पंख्याला बेअरिंगवर घट्ट दाबते. हा दाब टळत नाही. पण तो अक्षाच्या जितका जवळ पेलला जाईल, तितका अडसर घटतो. म्हणून पोलादी तार बारीक, सुमारे ०.३ मिलिमीटरची हवी आणि टेफ्लॉनची चकती अगदी छोटी. मोठा वॉशर इथे नुकसानच करतो.

तार सरळ हवी, हूक मध्यरेषेवर. बेअरिंगला जाड तेल नको.

जागतिक स्पर्धांच्या एफ१डी वर्गात १.४ ग्रॅमचे विमान अवघ्या ०.४ ग्रॅम रबरावर २० मिनिटांहून जास्त तरंगते. तिथे घर्षणात गेलेला प्रत्येक पीळ म्हणजे हातचा गेलेला वेळ!