दासप्रथा आणि अस्सलायन सुत्त

भारतात एकही गुलाम नाही, असे मेगॅस्थेनिसने लिहून ठेवले आणि आम्हीही ते विद्यार्थिदशेत अभिमानाने पाठ केले. परंतु सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखात दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन ठेवण्यास सांगितले आहे. दासच नसते, तर ही आज्ञा कोणासाठी?

रोममध्ये माणूस बाजारात विकला जाई. तेथील क्रौर्य आम्ही कमी लेखत नाही, इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचा उठाव मोडल्यावर सुमारे ६००० बंडखोर क्रूसावर चढवले गेले. तरीही रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक होऊ शके. तत्त्वज्ञ एपिक्टेटस मूळचा गुलामच. मनुस्मृतीचा आठवा अध्याय मात्र सांगतो की, धन्याने सोडले तरी शूद्राचे दास्य सुटत नाही, कारण ते त्याच्या जन्माबरोबरच आलेले!

नेमके हेच तथागतांनी खोडून काढले. ब्राह्मण तरुण अस्सलायनाला त्यांनी विचारले : यवन व कंबोज देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण असून आर्याचा दास आणि दासाचा आर्य होतो, हे तू ऐकले आहेस काय? त्याने होकार दिला आणि पुढे तो निरुत्तर झाला. बाबासाहेबांनीही रोमन गुलामगिरीशी तुलना करून अस्पृश्यता अधिक भयंकर ठरवली.

एक गोष्ट मात्र आपण झाकू नये. विनयानुसार धन्याच्या ताब्यातील दासाला प्रव्रज्या देता येत नसे. उपसंपदेच्या वेळी ‘तू भुजिस्स, म्हणजे मुक्त, आहेस ना?’ असे आजही विचारले जाते.