तुमचा हजारावा प्रयोग, ग्राहकाचा पहिला: झाडीपट्टीच्या मांडवातला धंद्याचा धडा

व्हिडिओमध्ये आपण 'पहिल्यांदा येणारा ग्राहक' हा विषय पाहिला. वेळ कमी होता, म्हणून हिशोबाचा भाग इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

एक प्रश्न विचारतो. आवडत्या रॉक बँडची सगळी गाणी मोबाइलवर आहेत. मग माणूस त्याला प्रत्यक्ष पाहायला हजारो रुपये का मोजतो?

कोल्डप्लेचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत त्यांचे तीन कार्यक्रम झाले आणि अहमदाबादला दोन. सप्टेंबर २०२४ मध्ये तिकीटविक्री सुरू झाली, तेव्हा एवढी झुंबड उडाली की वेबसाइट कोलमडली. अहमदाबादचा २६ जानेवारीचा कार्यक्रम तर घरबसल्या मोबाइलवर थेट दिसणार होता. तरी त्या रात्री स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त लोक होते.

आता म्हणाल, सर, आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीचे, आमच्याकडे कुठलं स्टेडियम? स्टेडियम नसेल, मांडव तर आहे! झाडीपट्टीचं नाटक आपल्यासमोरच उभं आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य केंद्र. धान निघालेलं असतं, हातात पैसा आलेला असतो, पाहुण्यांना खास आवतण जातं. टीव्ही आला, मोबाइल आला, तरी लोक अंगावर घोंगडी घेऊन नाटक पाहाले जातातच. संगीतही तिथंच, समोर वाजतं.

दोन्हीकडचा ग्राहक एकच गोष्ट विकत घेतो: 'तो माझ्यासमोर होता आणि मी तिथं होतो.' ही गोष्ट डाउनलोड होत नाही. आता यातले चार धडे पाहू.

धडा १: तिकीट हा खर्चाचा एक भागच असतो

गडचिरोलीचा मुलगा नवी मुंबईला बँड पाहायला निघाला, तर आधी नागपूर गाठणार, मग रेल्वे, मग राहणं, जेवण, टी-शर्ट. तिकिटाचे पैसे आयोजकाला गेले, बाकीचे दहा जणांना. गावातल्या नाटकाचंही तसंच आहे. पाहुणे आले की किराणा, कोंबडी, चहा, पेट्रोल, मुलांचे फुगे, सगळंच खपतं. तुमचं दुकान मांडवापासून अर्धा किलोमीटरवर असेल, तरी त्या रात्रीचा धंदा तुमचाही आहे. नाटकाच्या तारखा आधी ठरतात. त्या कॅलेंडरवर लिहून माल भरा.

धडा २: आधी ब्रेक-इव्हन, मग पोस्टर

बऱ्याच गावांत मंडळ ठरावीक रक्कम देऊन कंपनीकडून प्रयोग घेतं आणि तिकिटं स्वतः विकतं. म्हणजे जोखीम मंडळाची. हिशोब समजायला काही आकडे धरू. समजा कंपनीला ६०,००० रुपये, मांडव, लाइट, प्रचार मिळून २५,०००. एकूण ८५,०००. तिकीट सरासरी १०० रुपये. म्हणजे ८५० तिकिटं विकली की खर्च निघाला. ७०० विकली तर १५,००० खिशातून. १,२०० विकली तर ३५,००० हातात.

म्हणून पहिला प्रश्न, 'मांडवात माणसं किती मावतात?' ८०० च मावत असतील, तर हाऊसफुल्ल होऊनही ५,००० चा तोटा पक्का. तेव्हा तिकीट वाढवा, खर्च कमी करा, नाहीतर प्रयोग घेऊ नका. असा तोटा वर्गणीदारांच्या डोक्यावर बसतो आणि गावात वर्षभर बोलणी होतात.

धडा ३: गर्दी येते कधी, ते पाहा

चहावाल्याचा हिशोब करू. कप १० रुपयांचा, त्यातले ५ माल आणि गॅसचे. जागेचं भाडं ५००. म्हणजे १०० कपांवर भाडं सुटलं. सोपं वाटतं ना? पण नाटक चालू असताना कुणी उठत नाही. दोन अंकांच्या मध्ये २० मिनिटांत तीनशे माणसं एकदम येतात. एका शेगडीवर तेवढ्या वेळात ६० कप होत असतील, तर उरलेले २४० तुमच्यासमोरून परत गेले. मालाची कमतरता नव्हती, वेळेची होती. उपाय साधा आहे: अंक संपायच्या आधी चहा करून थर्मासमध्ये भरा, सुट्टे पैसे मोजून ठेवा, पैसे घ्यायला वेगळा माणूस बसवा. तुमच्या दुकानातही अशी '२० मिनिटं' असतात. ती शोधा.

धडा ४: पोस्टरवरचं नाव म्हणजे शब्द दिला

२८ ऑक्टोबर २०११. मेटॅलिका भारतात पहिल्यांदाच वाजवणार होती, दिल्लीजवळ गुडगावला. चाहते दूरदूरून आले होते. पण प्रेक्षकांपुढच्या सुरक्षा कठड्याची अडचण निघाली आणि कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. चिडलेल्या लोकांनी स्टेजवर तोडफोड केली, आयोजकांवर पोलीस केस झाली. दोन दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, बंगळुरूत तोच बँड वाजला आणि कार्यक्रम व्यवस्थित पार पडला. बँड तोच, गाणी तीच. फरक तयारीचा होता.

गावातही पोस्टरवर ज्याचा फोटो, तो कलाकार येणारच पाहिजे. येणार नसेल तर तिकीट विकण्याआधी सांगा. विकल्यावर कळलं, तर पैसे परत घेण्याची सोय ठेवा. तिकिटाचे १०० रुपये परत देणं परवडतं. "फसवलं" हा शब्द परवडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं

झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून जास्त प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका त्यांच्या नावावर आहेत. विचार करा, चार हजाराव्या प्रयोगालाही मांडवात कुणीतरी असा बसलेला असणार, ज्यानं त्यांचं नाव लहानपणापासून ऐकलंय आणि आज पहिल्यांदा त्यांना पाहतोय. कलाकाराच्या अंगात ताप असेल, झोप झाली नसेल, त्याच्याशी त्या माणसाचा काय संबंध? त्याच्यासाठी ही एकच रात्र आहे.

तुमचंही तेच आहे. तुम्ही दिवसात साठाव्या वेळी तेच मशीन दाखवता, तोच ड्रेस उघडता, तोच दर सांगता. कंटाळा येणारच. पण समोरची बाई चार महिने पैसे जमवून आज पहिल्यांदा तुमच्या दुकानात आलीय. तिनं तुमचा साठावा कंटाळा का विकत घ्यावा?

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या धंद्याचा ब्रेक-इव्हन आकडा काढा: दिवसाला किती नग विकले की खर्च निघतो?
२. तीन दिवस दर तासाची विक्री लिहा आणि तुमची 'गर्दीची २० मिनिटं' शोधा.
३. बोर्डवर, स्टेटसवर, पत्रकावर तुम्ही जे जे लिहिलंय ते वाचून काढा. जे देत नाही, ते आजच पुसून टाका.
४. रोज एका नवीन ग्राहकाला विचारा, "आमच्याबद्दल काय ऐकून आलात?" उत्तर जसंच्या तसं वहीत लिहा.

चौथ्या प्रश्नाची दहा उत्तरं जमली की वही समोर ठेवून पुढचा व्हिडिओ पाहा. जाहिरातीत काय लिहायचं, ते आपण त्या उत्तरांवरूनच ठरवणार आहोत.