गाडीच्या पाठीवरचा आकडा

मोटारींवर लिहायला लागल्यापासून वाचकांचा एक प्रश्न सतत सोबत आहे: स्पोर्ट्स कारच्या पाठीवर ९११, ४८८, ३५५ असे जे आकडे असतात, ते नेमकं काय सांगतात? याचं एका ओळीत उत्तर नाही, हे हळूहळू उमगत गेलं. प्रत्येक कारखान्याने वेगळीच गोष्ट मोजली आहे आणि ती मोजायची रीतही मधूनमधून बदलली आहे. त्या शोधात जे मनात राहिलं, ते सांगतो.

१. आकडा अख्ख्या इंजिनाचाच असतो असं नाही. आपल्याला सवय सीसीची. एकेकाळी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट इलेव्हन हंड्रेड १०८९ सीसीची, मारुती ८०० ही ७९६ ची. या सवयीने फेरारी २५० हे नाव वाचलं की माणूस अडखळतो, कारण २५० सीसी म्हणजे मोटारसायकल. कागदावर भागाकार मांडला की कोडं सुटतं. इंजिन २९५३ सीसी, सिलिंडर बारा, भाग गेला २४६ चा. तोच गोल करून २५०. फेरारीचं नाव लावून निघालेली पहिली गाडी, १९४७ ची १२५ एस, तिचाही हिशेब हाच: १४९७ भागिले बारा. जोआकिनो कोलंबो यांनी आखलेलं ते इंजिन अवघं दीड लिटरचं, तरी त्याला बारा सिलिंडर. मला यातली गंमत अशी वाटते की सगळा अभिमान बाराचा, आणि नावात बारा कुठेच नाही. ज्याला ठाऊक आहे, त्याने गुणाकार करून घ्यावा.

२. एकाच कारखान्याचा हिशेबही कायम राहत नाही. फेरारीच्याच कारखान्यातून पुढे डिनो २४६ आली. वरच्या भागाकारातला २४६ इथे पुन्हा भेटतो, पण अर्थ पार निराळा: २.४ लिटर, ६ सिलिंडर. ३२८ म्हणजे ३.२ लिटर आणि आठ सिलिंडर. एफ३५५ मधला शेवटचा पाच प्रत्येक सिलिंडरच्या पाच व्हॉल्व्हचा. २०१५ च्या ४८८ मध्ये जुना भागाकार परतला, ३९०२ भागिले आठ. ८१२ मध्ये मात्र ८०० अश्वशक्ती आणि १२ सिलिंडर. वरवर हा नुसता गोंधळ आहे. पण ही नावं एकाखाली एक लिहून काढली, तेव्हा त्या त्या वेळी कारखान्याला कशाचं अप्रूप होतं ते दिसायला लागलं. आणि २०२४ साली, सगळीकडे सिलिंडर कमी होत असताना, फेरारीने नव्या गाडीचं नावच १२चिलिंद्री, म्हणजे बारा सिलिंडर, असं ठेवलं. १९४७ मध्ये जे बोलून दाखवायची गरज भासली नव्हती, ते आता मोठ्याने सांगावंसं वाटलं.

३. काही आकडे काहीच मोजत नाहीत. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ साली श्टुटगार्टला स्वतःचं डिझाइन ऑफिस काढलं. येणाऱ्या कामाला ओळीने क्रमांक मिळायचा. पहिल्याच कामाला, वाँडरर कंपनीच्या गाडीला, त्यांनी ७ हा क्रमांक दिला. आपण यांचं पहिलंच गिऱ्हाईक, असं समोरच्याला वाटू नये म्हणून. आपल्याकडे नवा दुकानदारही एक नंबरची पावती फाडायला कचरतो, तसंच हे. पुढे याच ओळीत २२ व्या क्रमांकावर ऑटो युनियनची शर्यतीची गाडी आली, ६० व्यावर फोक्सवॅगनची बीटल. आणि युद्ध संपल्यावर ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी, फर्डिनांड यांचा मुलगा फेरी पोर्शे याच्या देखरेखीखाली, ३५६ वं काम हाती घेतलं गेलं. पोर्शे हे नाव लावलेली पहिली स्पोर्ट्स कार ती, १९४८ ची. ३५६ मधून वेग कळत नाही, ताकद कळत नाही. त्याआधी ड्रॉइंग बोर्डावरून केवढी कामं गेली, याचा मात्र अंदाज येतो, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो.

४. आपला आकडा आपल्याच मालकीचा असेल असं नाही. ३५६ नंतरच्या गाडीला पोर्शेने ९०१ म्हटलं. फोक्सवॅगनबरोबर पुढेमागे एकत्र काम करायचं होतं आणि तिथल्या सुट्या भागांच्या यादीत ९०० चा पट्टा मोकळा होता, एवढं साधं कारण. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गाडी याच नावाने लोकांपुढे आली. पुढच्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात प्यूजोने हरकत घेतली. १९२९ च्या २०१ पासून मधोमध शून्य असलेली तीन अंकी नावं त्यांची होती आणि फ्रान्समध्ये त्यावर त्यांचा हक्क होता. पोर्शेने शून्य काढून तिथे एक बसवला. तोवर ९०१ म्हणून मोजक्याच गाड्या बनल्या होत्या. त्यातली ५७ क्रमांकाची २०१४ मध्ये जर्मनीतल्या एका जुन्या कोठारात सापडली: गंजाने खाल्लेली, बरेच भाग गायब. पोर्शेच्या संग्रहालयाने ती तीन वर्षं खपून उभी केली. आज जगभर ओळखला जाणारा ९११ हा आकडा एका तक्रारीतून आला आहे. आकडा निवडताना जे हाती नव्हतं, ते पुढच्या साठ वर्षांत गाडीने मिळवलं.

५. पाठीवर नसलेला आकडाच जाणकारांच्या तोंडी असतो. पहिली ९११ दोन लिटरची, सहा सिलिंडरची, हवेने थंड होणारी, १३० अश्वशक्तीची. १९९७ साली आलेल्या पिढीत इंजिन पाण्याने थंड होऊ लागलं. मधल्या काळात गाडी आतून कितीदा तरी बदलली, नाव तेच राहिलं. म्हणून पोर्शेवेडी माणसं कारखान्यातले अंतर्गत क्रमांक बोलतात: ९६४, ९९३, ९९६, ९९७ आणि त्यानंतर, चढता क्रम मोडून, ९९१ आणि ९९२. दोन अनोळखी माणसांना “९९३ का?” एवढ्या प्रश्नावर तास तास रंगलेलं मी पाहिलं आहे. हवेने थंड होणारी ती शेवटची ९११ असल्यामुळे त्या तीन अंकांत त्यांना सगळंच सांगायचं असतं.

६. आकडा कधी कधी दिलेला शब्द असतो. जॅग्वारने १९४८ साली गाडी दाखवली, नाव एक्सके१२०: ताशी १२० मैल धावेल म्हणून. लोकांना ते खरं वाटेना. १९४९ च्या मे महिन्यात बेल्जियममधल्या याब्बेक गावाजवळच्या रस्त्यावर पत्रकारांसमोर ती ताशी १३२ मैलांच्याही पुढे गेली. पुढे एक्सजे२२० ने २२० मैलांचा शब्द दिला. १९९२ साली इटलीतल्या नार्दोच्या चाचणीत ती २१७ पर्यंत पोचली. त्या काळी रस्त्यावरच्या गाडीसाठी हा प्रचंड वेग होता, तरी आजही तिचा विषय निघाला की तीन मैलांचीच चर्चा होते. असा आकडा पाठीवर लिहायला धाडस लागतं, आणि मला एक्सजे२२० विषयी म्हणूनच आदर आहे.

७. जुना आकडा ठेवणं हीसुद्धा एक जबाबदारी आहे. मर्सिडीजच्या एएमजी गाड्यांवर ६३ असतं, ते १९६८ च्या ३०० एसईएल ६.३ च्या आठवणीने. त्यातली सी ६३ पहिल्यांदा आली तेव्हाही इंजिन ६२०८ सीसीचं, म्हणजे खरं तर ६.२ लिटरचं होतं. पुढे ते चार लिटरचं झालं आणि २०२२ मध्ये दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, जोडीला विजेची मोटर. एकूण ताकद आधीच्या आठ सिलिंडरवालीहून जास्त, तरी अनेक चाहते हळहळले. हिशेबाने पाहिलं तर ६३ चा आता कशाशी संबंध नाही. मला मात्र वाटतं, तो आकडा ठेवून कारखान्याने आपली नवी गाडी जुन्या गाडीच्या कसोटीला लावली. वेगळं नाव दिलं असतं तर एवढी तुलना झालीच नसती. विजेच्या गाड्यांना सिलिंडर नाहीत, लिटर नाहीत. तिथे काय मोजायचं, हे प्रत्येक कारखान्याला नव्याने ठरवावं लागणार आहे. आकडे मिळतील. त्यांना जागणाऱ्या गाड्या बनवणं, हे काम पहिल्याइतकंच अवघड राहील.